युद्धाच्या पापाचा धनी कोण?

हेन्री किसिंजर शंभरी ओलांडून २०२३ च्या नोव्हेंबरात निवर्तले आणि त्यानंतर दोन वर्षांनी, २०२५ च्या नोव्हेंबरातच, डिक चेनी यांनी इहलोकीची यात्रा संपविली. एकाचे नाव व्हिएतनाम आणि कंबोडियातील युद्धाशी, तर दुसऱ्याचे इराकच्या युद्धाशी कायमचे जोडले गेले आहे. या दोघांच्या निधनानंतर अमेरिकेत जे लिहिले गेले त्यात टीका नव्हती असे नाही. परंतु घरातल्या कर्त्या पुरुषाच्या चुका त्याच्या तेराव्याला आठवाव्यात, तसा तिचा सूर होता. 'वादग्रस्त' हा शब्द अशा वेळी फार सोयीचा असतो. अमेरिकेबाहेर, विशेषतः आशियात, हिशेब निराळा मांडला गेला. १९७१ साली बंगालच्या उपसागरात आलेले अमेरिकेचे सातवे आरमार आठवणारी माणसे आपल्याकडे अजून हयात आहेत. कंबोडियातील खेड्यांना तर त्याहून भयंकर गोष्टी आठवतात. एकाच माणसाच्या कर्तृत्वाच्या या दोन हिशेबांत एवढी तफावत का पडावी, आणि त्यांतला खरा कोणता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

लोकांच्या मनातून उतरलेल्या युद्धाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे परकीयांचे उत्तर ठरलेले असते. ते एका माणसाचे नाव घेतात. १९६८ मध्ये लंडनपासून कलकत्त्यापर्यंतच्या मोर्चांत ते नाव जॉन्सन होते, पुढे ते निक्सन झाले, आणि २००३ मध्ये ते बुश झाले. बगदादच्या एका पत्रकाराने १४ डिसेंबर २००८ रोजी आपल्या पायांतील दोन्ही जोडे फेकले तेही एकाच माणसावर, आणि त्या दिवशी जगातील असंख्य लोकांना आपणच तो नेम धरला असे वाटले. हा संताप आम्हाला समजतो. परंतु संताप खरा असला म्हणून निवाडा खरा ठरत नाही. किंबहुना आमचे म्हणणे असे आहे की, सगळे पाप एका माणसाच्या माथी मारण्याच्या या सवयीमुळेच बाकीचे भागीदार सुखरूप सुटतात, आणि पुढच्या युद्धाला तेच पुन्हा हात वर करतात.

पण आधी एका आक्षेपाचे निरसन केले पाहिजे. अमेरिकेच्या राज्यकर्त्यांचा न्याय करणे हा अमेरिकेच्या मतदारांचा अधिकार आहे, परक्यांनी त्यात नाक खुपसू नये, असे म्हणणारे लोक आहेत. घरगुती कारभारापुरते ते खरेही असेल. पण युद्ध हा घरगुती कारभार नव्हे. वॉशिंग्टनमधील काळ्या दगडाच्या स्मारकभिंतीवर व्हिएतनाममध्ये कामी आलेल्या ५८ हजारांहून अधिक अमेरिकनांची नावे कोरलेली आहेत. व्हिएतनामच्या सरकारने १९९५ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्या देशाचे सुमारे २० लाख नागरिक आणि ११ लाख सैनिक मारले गेले. इराकमध्ये अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक मृत्यू पावले. तेथील नागरिकांचे केवळ नोंद झालेले हिंसक मृत्यू दीड लाखांहून अधिक आहेत. या लाखो माणसांपैकी एकालाही अमेरिकेच्या निवडणुकीत मत नव्हते. ज्याच्या डोक्यावर बॉम्ब पडतो त्याला मत नाही, निदान मतप्रदर्शनाचा अधिकार तरी त्याच्यापासून कोणी हिरावू नये.

भारताला तर हा अधिकार आणखी एका नात्याने पोहोचतो. १९५४ च्या जिनीव्हा करारानंतर व्हिएतनाममध्ये नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. पुढे १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बहल्ले थांबवावेत असे जाहीरपणे म्हटले, तेव्हा आपला देश दुष्काळात होरपळत होता आणि रेशनच्या दुकानातील लाल गहू अमेरिकेच्या जहाजांतून येत होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या काळात गव्हाची रवानगी महिन्या-महिन्याने मंजूर करण्याचे धोरण ठेवले होते, आणि व्हिएतनामविषयीचे आपले बोल त्यांना झोंबले होते, हे आता इतिहासात नमूद आहे. त्या युद्धाविषयी मत देण्याची किंमत आपण उपाशीपोटी मोजलेली आहे. तेव्हा परकीयांना अधिकार आहे यात शंका नाही. तो अधिकार ते नीट वापरतात काय, एवढाच प्रश्न आहे.

आता इतिहासाचे दप्तर उघडू. २ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात एका अमेरिकन युद्धनौकेवर उत्तर व्हिएतनामी बोटींनी हल्ला केला. दोनच दिवसांनी दुसरा हल्ला झाल्याचे जाहीर करण्यात आले. हा दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकेच्याच गुप्तवार्ता खात्याच्या इतिहासकाराने दाखवून दिले आणि ते कागद २००५ मध्ये खुले झाले. परंतु त्या न झालेल्या हल्ल्याच्या बळावर ७ ऑगस्ट १९६४ रोजी अध्यक्षांना हवे ते लष्करी उपाय योजण्याची मोकळीक देणारा ठराव संमत झाला. प्रतिनिधिगृहात त्याच्या बाजूने ४१६ मते पडली, विरुद्ध एकही नाही. सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २. अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार अध्यक्षांना दिलेला नाही, तो कायदेमंडळाला दिलेला आहे. तो अधिकार अध्यक्षांनी हिसकावून घेतला असे म्हणावयाचे, तर हिसकावताना कोणी हात आवळलेला तरी दिसावयास हवा होता! येथे तर पाचशेहून अधिक लोकप्रतिनिधींनी तो ताटात वाढून दिला.

बरे, हे युद्ध एकट्या जॉन्सन यांचे होते काय? डॅनियल एल्सबर्ग यांनी १९७१ मध्ये उघडकीस आणलेल्या पेंटॅगॉनच्या गुप्त कागदपत्रांनी हा भ्रम कायमचा दूर केला. फ्रेंचांच्या वसाहतवादी युद्धाला पैसा पुरविणारे ट्रूमन, जिनीव्हा कराराप्रमाणे व्हावयाच्या निवडणुका होऊ न देणाऱ्या सायगावच्या राजवटीला पाठीशी घालणारे आयसेनहॉवर, लष्करी सल्लागारांची संख्या हजारोंनी वाढविणारे केनेडी, आणि मग जॉन्सन. त्यांच्यानंतर निक्सन. पाच अध्यक्ष, दोन पक्ष आणि पंचवीस वर्षे असा हा वारसा आहे. केनेडींची तसबीर आपल्याकडील कित्येक घरांत भिंतीवर लागली आणि जॉन्सन यांचे पुतळे जाळले गेले. धोरण मात्र एकाच धाग्याने विणलेले होते.

अडतीस वर्षांनी हाच प्रयोग नव्या नटसंचात झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळ वापरण्याची परवानगी प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सेनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी दिली. त्या वेळी सेनेटमध्ये बहुमत अध्यक्षांच्या विरोधी पक्षाचे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, आणि त्या पक्षाच्या ५० सभासदांपैकी २९ जणांनी युद्धाच्या बाजूने मत दिले. इराकजवळ महासंहारक शस्त्रे असल्याचा दावा करणारे सुमारे ९० पानांचे गुप्त टिपण सभासदांना वाचावयास ठेवलेले होते; ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट मोजक्याच सेनेटरांनी घेतले, हे नंतर बाहेर आले. शस्त्रे सापडली नाहीत. होकार देणाऱ्यांत जोसेफ बायडन होते, हिलरी क्लिंटन होत्या आणि जॉन केरीही होते. हे केरी म्हणजे तेच, ज्यांनी व्हिएतनामहून परतल्यावर १९७१ मध्ये सेनेटच्या समितीपुढे त्या युद्धाविरुद्ध तळमळून साक्ष दिली होती. तरुणपणी रणांगणावर जे शिकले ते मतदानाच्या खुर्चीत बसल्यावर विसरले गेले.

हे सगळे डोळ्यांसमोर असताना परकीयांनी काय पाहिले? वॉशिंग्टनच्या 'प्यू' या संस्थेने २००३ मध्ये निरनिराळ्या देशांत लोकमताची पाहणी केली. अमेरिकेविषयी प्रतिकूल मत असणाऱ्यांना दोष कोणाचा असे विचारले, तेव्हा फ्रान्स आणि जर्मनीतील अशा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी उत्तर दिले, दोष मुख्यतः बुश यांचा. मग बुश गेले. २००८ मध्ये जर्मनीत अमेरिकेविषयी अनुकूल मत असणारे शेकडा ३१ होते, ते २००९ मध्ये ६४ झाले. फ्रान्समध्ये ४२ चे ७५ झाले. नवे अध्यक्ष ओबामा यांना कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओबामा यांनी २००२ मध्ये इराकच्या युद्धाला विरोध केला होता, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारणार नाही. पण त्यांचे उपाध्यक्ष कोण? बायडन. परराष्ट्रमंत्री कोण? आधी हिलरी क्लिंटन, नंतर केरी. आणि संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी बुश यांचेच रॉबर्ट गेट्स कायम ठेवले. जगाने एका माणसाला दोषी धरले होते. तो माणूस गावाला गेला, आणि जगाच्या लेखी खटला निकालात निघाला.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. वर्गाची काच फुटली की मास्तरांच्या हाती बहुधा एकच मुलगा लागतो, ज्याच्या हातात दगड असतो तो. त्याला छडी बसते. त्याला दगड आणून देणारा, 'मार' म्हणून ओरडणारा आणि दाराशी पहारा करणारा, हे तिघेही तोवर जागेवर बसून पुस्तकात डोके घालतात. पुढच्या वेळी काच फुटते तेव्हा दगड दुसऱ्याच्या हातात असतो आणि मास्तरांना नवल वाटते. राष्ट्रांच्या बाबतीत जगाचे लोकमत हे असेच मास्तर झाले आहे.

मग अमेरिकेत तरी या मंडळींना शासन झाले काय? १९६४ च्या ठरावाला सेनेटमध्ये विरोध करणारे दोघेच, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. १९६८ मध्ये दोघेही आपापली जागा गमावून बसले. जॉन्सन यांनी त्या वर्षी निवडणूक लढविण्याचे नाकारले, ही एकच गोष्ट शिक्षेच्या जवळ जाणारी. निक्सन यांना १९७२ मध्ये ५० पैकी ४९ राज्यांनी कौल दिला. त्यांच्यावरील महाभियोगाचा विचार चालला असता, कंबोडियावर चोरून केलेल्या बॉम्बवर्षावाचा आरोप ठेवावा अशी सूचना प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे आली होती. जुलै १९७४ मध्ये समितीने ती २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळली. निक्सन यांची खुर्ची गेली ती एका कचेरीत झालेल्या घुसखोरीवर पांघरूण घातल्यामुळे. एका परक्या देशावर लपूनछपून बॉम्ब टाकले, हा त्यांच्या अपराधांच्या यादीत धरण्याजोगा अपराधही ठरला नाही! उलट हे सारे खोटेपण ज्यांनी उघड केले त्या एल्सबर्ग यांच्यावर हेरगिरीच्या कायद्याखाली खटला भरला गेला. १९७३ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला म्हणून ते वाचले.

जे युद्धाचे शिल्पकार होते त्यांच्या वाट्याला काय आले तेही पाहावे. संरक्षणमंत्री मॅक्नामारा १९६८ मध्ये पायउतार झाले ते थेट जागतिक बँकेच्या अध्यक्षपदावर. त्या नात्याने ते त्याच वर्षी कलकत्त्यास आले तेव्हा तेथील लोकांनी त्यांचे स्वागत निदर्शनांनी केले. त्याच शहरात अमेरिकेची वकिलात ज्या रस्त्यावर आहे त्याला हो चि मिन्ह यांचे नाव देण्यात आले. आपण चुकलो, ही कबुली मॅक्नामारा यांनी दिली, पण ती १९९५ मध्ये, आत्मनिवेदनपर पुस्तकातून. करून करून भागले आणि देवपूजेला लागले, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. इराकच्या युद्धाचे एक प्रमुख पुरस्कर्ते पॉल वुल्फोविट्झ हे २००५ मध्ये त्याच जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले. इराकच्या शस्त्रांविषयी चुकीची माहिती पुरविणाऱ्या गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख जॉर्ज टेनेट यांना डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. चुकीच्या माहितीची चौकशी करण्यासाठी अध्यक्षांनी आयोग नेमला. पण त्या माहितीचा राज्यकर्त्यांनी काय वापर केला हे तपासण्याची मुभा आयोगाला दिलेली नव्हती. चोरीचा तपास करा, मात्र चोराच्या घरात पाऊल टाकू नका, अशातला हा प्रकार झाला.

येथपर्यंत वाचून एखादा वाचक म्हणेल की, मग दोष साऱ्या अमेरिकनांचाच. तेही खरे नाही. सगळ्या राष्ट्राला दोषी ठरविणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. सर्वांना दोष दिला की तो कोणाच्याच अंगाला लागत नाही. आणि ते अन्यायाचेही आहे. आम्ही वर जी तपशीलवार साक्ष मांडली ती कोणी दिली? एल्सबर्ग अमेरिकन, ते कागद छापणारी वृत्तपत्रे अमेरिकन. ज्यांनी १९६४ चा ठराव सेनेटमधून पार पाडला, त्या फुलब्राइट यांनीच १९६६ मध्ये उघड सुनावण्या घेऊन आपल्याच पक्षाच्या सरकारला जाब विचारला. इराकविषयी राज्यकर्त्यांनी केलेली अनेक विधाने हाती असलेल्या माहितीच्या पलीकडची होती, असा निष्कर्ष सेनेटच्याच समितीने २००८ मध्ये काढला. २००६ मध्ये मतदारांनी सत्ताधारी पक्षाला दोन्ही सभागृहांत पराभूत केले आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना जावे लागले. २००२ मध्ये नकार देणारे २३ सेनेटर आणि १३३ प्रतिनिधी होते. 'नाही' म्हणणाऱ्यांची नावे आपण लक्षात ठेवली नाहीत, तर 'होय' म्हणणाऱ्यांचा दोष सिद्ध करणार कशाच्या आधारावर? त्या दिवशी नकार देता येत होता, हे त्यांच्याच मतांनी दाखविले आहे.

इतर देशांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. बुश यांच्यामागे युद्धात उतरलेल्या ब्रिटनने चिलकॉट समिती नेमली. तिने सात वर्षे घेतली. पण जुलै २०१६ मध्ये तिने स्वच्छ सांगितले की, शांततेचे मार्ग संपण्यापूर्वीच युद्ध सुरू करण्यात आले. पंतप्रधान ब्लेअर यांचे निर्णय तिने एकेक करून तपासले. युद्धाला केवळ राजकीय पाठिंबा देणाऱ्या हॉलंडनेही २०१० मध्ये आपल्या समितीकडून त्या युद्धाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता असे वदवून घेतले. कोणी तुरुंगात गेले नाही, हे खरे. तथापि कोणी काय केले याचा अधिकृत दस्तऐवज तरी तयार झाला. ज्या देशाने युद्ध पुकारले त्या देशात राजकीय निर्णयाची अशी सर्वांगीण चौकशी झाली नाही.

आणि आपण? दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहताना आरसाही जवळ ठेवावा. ८ एप्रिल २००३ रोजी आपल्या संसदेने इराकवरील आक्रमणाविरुद्ध एकमताने ठराव केला. हिंदीत 'निंदा' हा शब्द आणि इंग्रजीत त्याहून मऊ शब्द, अशी कसरत त्या वेळी करण्यात आली. तरीही त्याच वर्षीच्या जुलैत, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना इराकमध्ये सैन्य पाठविण्यास आपण नकार दिला, आणि तो निर्णय शहाणपणाचा ठरला. पण पाचच वर्षांनी, अणुकराराच्या आनंदात, आपल्या पंतप्रधानांनी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष बुश यांना भारतीय जनतेचे तुमच्यावर मनापासून प्रेम आहे असे सांगितले. राष्ट्रहितासाठी हात मिळवावा लागतो हे आम्ही जाणतो. हात मिळविताना स्मृती पुसून टाकावी लागते असे मात्र नाही. परकीयांचा राग जसा एका माणसापुरता असतो, तसा त्यांचा विसरही सोयीपुरता असतो. त्यात आपणही आलो.

आमचे सांगणे एवढेच आहे. लोकशाही देश जेव्हा युद्ध पुकारतो तेव्हा त्याची जबाबदारी मोजता येते, कारण तेथे मतांची नोंद असते. हुकूमशहाच्या राज्यात अशी नोंद मिळत नाही. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला हात वर केला, हे छापील कागदावर उपलब्ध आहे. परकीयांना मत नसेल, पण ही नोंद वाचण्यास त्यांना कोणी बंदी केलेली नाही. पुढच्या वेळी वॉशिंग्टनमध्ये युद्धाचे नगारे वाजू लागले म्हणजे रस्त्यावर पुतळा कोणाचा जाळावा याची चर्चा करण्यापूर्वी जगाने, आणि आपल्या वृत्तपत्रांनीही, ती मतांची यादी छापावी. ती जपून ठेवावी. त्यातले एखादे नाव दहा वर्षांनी शांतिदूत म्हणून आपल्या विमानतळावर उतरले, तर त्याला हार अवश्य घालावा. पण तो घालताना ती यादी खिशात असावी.

एक राष्ट्राध्यक्ष जातो, दुसरा येतो. त्याच्यावर जोडे पडले किंवा फुले पडली, त्याने फारसे बिघडत नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. हा काळ दोनदा सोकावलेला आपण पाहिला आहे.